बाराव्या वर्षाची कैफियत

१८६९ सालच्या नाताळात चार्ल्स डिकन्सच्या घरी मंडळी स्मरणशक्तीचा एक खेळ खेळत बसली होती. एकाने काही शब्द उच्चारावेत, दुसऱ्याने ते म्हणून आपले त्यांत जोडावेत आणि अशी ती माळ वाढत जावी, असा तो खेळ. डिकन्सची पाळी आली तेव्हा त्याने आधीची सारी माळ बिनचूक म्हणून दाखविली आणि शेवटी आपल्या पदरचे जे शब्द जोडले ते ‘वॉरेनचे ब्लॅकिंग, ३०, स्ट्रँड’ असे होते. ते उच्चारताना त्याच्या डोळ्यांत काही विलक्षण चमक आली, एवढे त्याचा मुलगा हेन्री याच्या ध्यानात राहिले. परंतु जोड्यांना लावावयाच्या काळ्या पॉलिशच्या एका जुन्या वखारीचा पत्ता वडिलांना नेमका त्याच वेळी का आठवावा, हे तेथे बसलेल्या मुलांपैकी कोणालाही उमगले नाही. पुढच्या जूनच्या ९ तारखेस डिकन्स निवर्तला. त्यानंतर जॉन फॉर्स्टर या त्याच्या जिवलग मित्राने लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि इंग्लंडातील लहानथोर सर्वांना ज्याने हसविले व रडविले, तो हा लोकोत्तर कादंबरीकार लहानपणी त्या पॉलिशच्या वखारीत आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर मजुरी करीत होता आणि त्याच वेळी त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात होता, ही हकीकत वाचकांना व त्याच्या मुलांनाही प्रथमच कळली.

लेखकाचे बालपण आणि त्याचे लेखन यांचा संबंध सांगण्याची आपल्याकडे एक सरधोपट रीत पडून गेली आहे. लहानपणी दुःख भोगले, म्हणून मोठेपणी दुःख लिहिले, असे म्हटले की चरित्रकाराचे काम भागते. पण १८२४ साली लंडनच्या वखारींतून व कारखान्यांतून चार्ल्सच्याच वयाची असंख्य मुले राबत होती आणि त्यांच्यापैकी कोणी ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ लिहिली नाही. फार काय, त्याच बापाची, त्याच कर्जांच्या छायेत वाढलेली त्याची सख्खी भावंडेही लेखक झाली नाहीत. बालपण लेखकाला द्रव्य पुरविते हे खरे. तथापि त्या द्रव्यात त्याने पुढे कोणते फेरफार केले, काय लपविले, कोणाला क्षमा केली आणि कोणाला केली नाही, याचा हिशेब मांडल्याशिवाय तो संबंध उलगडत नाही. डिकन्सच्या बाबतीत असा हिशेब मांडण्याजोगे कागद सुदैवाने शिल्लक आहेत: एका बाजूस त्याने स्वतःच्या हाताने लिहून फॉर्स्टरच्या स्वाधीन केलेला आत्मचरित्राचा एक त्रुटित भाग, आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या कादंबऱ्या.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्‌समथ या बंदरात झाला. वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगारखात्यात कारकून होते. माणूस दिलदार, बोलघेवडा, पाहुण्यांचा भोक्ता, आणि मिळकतीपेक्षा चार पैसे अधिक खर्च केल्याखेरीज ज्याला चैन पडू नये अशा प्रकृतीचा. त्यांची बदली झाल्यामुळे चार्ल्सच्या पाचव्या वर्षापासून पुढची काही वर्षे हे कुटुंब मेडवे नदीकाठच्या चॅटम येथे राहिले, आणि हीच त्या मुलाच्या आयुष्यातील सुखाची वर्षे ठरली. घराच्या माडीवरील एका लहानशा खोलीत वडिलांची काही पुस्तके पडून होती. तेथे बसून त्याने स्मॉलेट आणि फील्डिंग यांच्या कादंबऱ्या, ‘डॉन क्विक्झोट’, ‘रॉबिन्सन क्रूसो’, ‘अरबी सुरस कथा’ असे जे हाती लागेल ते वाचून काढले. जवळच्या रस्त्याने वडिलांबरोबर फिरावयास जाताना टेकडीवर गॅड्‌स हिल नावाचे एक घर दिसे, आणि चांगले कष्ट केलेस तर तू एक दिवस या घरात राहशील, असे वडील त्याला सांगत. १८५६ साली डिकन्सने ते घर खरेदी केले आणि त्याच घरात तो मरण पावला. नदीच्या पात्रात नांगरून ठेवलेली, कैद्यांनी भरलेली जुनी जहाजे त्याने पाहिली तीही याच काळात.

या वर्षांचा उल्लेख पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो. परंतु त्यांच्यावाचून पुढच्या आपत्तीचा अर्थ लागत नाही. जन्मापासूनच ज्याने दैन्य पाहिले त्याला दैन्य हाच जगाचा स्वाभाविक क्रम वाटतो. चार्ल्सला आपण विद्वान व प्रतिष्ठित गृहस्थ होणार असे वाटू लागले होते, आणि अशा मुलावर ते दैन्य कोसळले.

वडिलांची बदली लंडनला झाली, कर्जे वाढत गेली, आणि कॅम्डन टाउनमधील एका लहानशा घरात वडिलांचे जोडे पुसणे व धाकट्या भावंडांना सांभाळणे हा चार्ल्सचा दिनक्रम झाला. त्याला शाळेत घालावे हे कोणाच्या मनातही आले नाही. मात्र थोरली बहीण फॅनी नव्याने निघालेल्या शाही संगीत विद्यालयात शिकत होती. आईने संसार सावरण्यासाठी मुलींची शाळा काढण्याचे ठरविले. मोठे घर भाड्याने घेतले, दारावर पितळी पाटी लावली, चार्ल्सने दारोदार जाऊन जाहिरातीचे कागद टाकले. पण एकही विद्यार्थिनी आली नाही. दाराशी येत ते फक्त तगादेवाले. घरातील वस्तू एकेक करून गहाण पडू लागल्या, आणि ज्यांच्या आधारावर त्या मुलाने आपले मनोराज्य उभारले होते ती चॅटमची पुस्तके विकून येण्याची कामगिरीही त्याच्यावरच सोपविण्यात आली. शेवटी २० फेब्रुवारी १८२४ रोजी एका पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या बाकीपोटी जॉन डिकन्स यांना अटक झाली आणि थेम्सच्या दक्षिणेकडील मार्शल्सी या कर्जदारांच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. काही दिवसांनी उरलेसुरले घर मोडून आईदेखील लहान मुलांना घेऊन तेथेच राहावयास गेली, कारण ऋणकोच्या कुटुंबाने त्याच्याबरोबर तुरुंगात राहण्यास त्या काळी मज्जाव नव्हता.

चार्ल्स मात्र बाहेर राहिला, कारण तो मिळवता झाला होता. नात्यातल्या लॅमर्ट नावाच्या एका तरुणाने त्याला वॉरेनच्या वखारीत चिकटवून दिले होते. बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास तो तेथे लागला. थेम्सच्या हंगरफर्ड घाटावर अगदी पाण्याला लागून असलेली ती एक मोडकळीस आलेली इमारत होती. तळघरात घुशींचा सुळसुळाट असे आणि त्यांची कुरकुर व झटापट जिन्यावरून वर ऐकू येई. पॉलिशने भरलेल्या बरणीचे तोंड आधी तेलकट कागदाने व मग निळ्या कागदाने झाकावयाचे, भोवती दोरा गुंडाळून कागदाच्या कडा सभोवार नीट कातरावयाच्या, आणि अशा पुष्कळ बरण्या तयार झाल्या म्हणजे प्रत्येकीवर छापील चिठ्ठी डकवावयाची, हे त्याचे काम. मजुरी आठवड्याला मिळे. ती मध्येच संपू नये म्हणून तो सहा लहान पुड्या बांधी, प्रत्येकीत सारखे पैसे घाली आणि तीवर एकेका वाराचे नाव लिही. तरीही सकाळी कामावर येताना दुकानाच्या दाराशी अर्ध्या किमतीत मांडलेले शिळे गोड पदार्थ दिसले की दुपारच्या जेवणाचे पैसे त्यांतच खर्ची पडत. बापाच्या अंगचा दोष मुलाच्या पुड्यांतही उतरला होता, हे तो मुलगा पुढे विसरला नाही.

पहिल्याच दिवशी दोऱ्याची गाठ कशी मारावयाची ते त्याला एका मोठ्या मुलाने शिकविले. फाटके एप्रन आणि कागदाची टोपी घातलेल्या या अनाथ मुलाचे नाव बॉब फॅगिन. एकदा चार्ल्सच्या बरगडीत जुनी कळ उठली, तेव्हा बॉबने त्याला गवताच्या अंथरुणावर निजविले आणि पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत ऊन पाणी भरभरून अर्धा दिवस त्याला शेक दिला. संध्याकाळी त्याला एकट्याने जाऊ देईना. घरापर्यंत सोबत करीन, असे म्हणू लागला. चार्ल्सची वाट तुरुंगाकडे जात होती आणि ती गोष्ट बॉबला कळू द्यावी हे त्याच्या अभिमानाला साहवेना. त्याने अनेक प्रकारे टाळून पाहिले. शेवटी सदर्क पुलाजवळच्या एका अनोळखी घराच्या पायऱ्यांवर त्याने बॉबशी हस्तांदोलन केले, हेच माझे घर असे भासविले, आणि बॉब मागे वळून पाहील या भीतीने खरोखरीच दार ठोठावून, दार उघडणाऱ्या बाईला, रॉबर्ट फॅगिन येथेच राहतात काय, असे विचारले.

मार्शल्सीत तो सकाळी व सायंकाळी आईबापांकडे जाई, आणि तेथे त्याच्यातील लेखकाची पहिली उमेदवारी झाली. राजाच्या वाढदिवशी त्याच्या आरोग्यार्थ मद्य घेण्यास काही बक्षिसी मिळावी, असा एक विनंतिअर्ज कैद्यांच्या वतीने जॉन डिकन्स यांनी मोठ्या डौलात लिहून काढला. एक कैदी तो मोठ्याने वाचून दाखवीत उभा राही, बाकीचे एकेक करून येत व सही करून जात. आणि कोपऱ्यात बसलेला चार्ल्स येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळीत मनातल्या मनात त्याचा पूर्वेतिहास जुळवीत राही. कायद्याची ओळखही अशीच झाली. नादारीचा फायदा घ्यावयाचा तर ऋणकोच्या व त्याच्या कुटुंबाच्या अंगावरील कपडे व किरकोळ चिजा मिळून २० पौंडांच्या वर असता कामा नयेत, असा नियम होता. म्हणून वखारीतल्या मुलालाही किंमत ठरविणाऱ्या अंमलदारापुढे हजर व्हावे लागले. अंमलदार जेवणावरून उठून, तोंडात घास असतानाच बाहेर आला, मुलाच्या मळक्या कपड्यांकडे त्याने एक दृष्टी टाकली आणि ठीक आहे, जा, असे म्हणाला. चार्ल्सच्या खिशात आजीने दिलेले चांदीचे जाड घड्याळ टिकटिकत होते, आणि ती टिकटिक त्याला ऐकू जाईल या भीतीने मुलाच्या तोंडचे पाणी पळाले होते. सरकारी यंत्राचा निष्काळजीपणा आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाची घालमेल या दोन गोष्टी डिकन्सच्या कादंबऱ्यांत पुढे पदोपदी शेजारी शेजारी आढळतात, त्यांची ही पहिली भेट होय.

जॉन डिकन्स २८ मे १८२४ रोजी नादारीच्या कायद्याखाली सुटले. पण मुलाची सुटका त्याबरोबर झाली नाही. वखार दुसऱ्या रस्त्यावर हलली, उजेडासाठी मुले खिडकीशी बसू लागली, आणि चार्ल्स व बॉब यांच्या हातांची चलाखी पाहण्यास रस्त्यावर लोक थबकू लागले. असेच एकदा काम चालू असताना वडील आत आले. हे त्यांना पाहवते तरी कसे, असे त्या मुलाच्या मनात आले. अखेर वडिलांचे व लॅमर्टचे भांडण झाले आणि त्या निमित्ताने चार्ल्स घरी आला. आईने दुसऱ्या दिवशी जाऊन तडजोड केली; मुलाने परत कामावर जावे असे तिचे मत पडले. वडिलांनी मात्र नकार देऊन त्याला शाळेत घातले. आई आपल्याला परत पाठविण्यास उत्सुक होती ही गोष्ट आपण कधी विसरलो नाही आणि विसरू शकणार नाही, अशा अर्थाचे शब्द डिकन्सने पंचवीस वर्षांनी लिहून ठेवले आहेत. वखारीत आपण किती काळ होतो हे मात्र त्याला स्वतःलाही सांगता येईना. आईबापांनी तर त्या दिवसापासून या विषयावर जे मौन धरले ते कधीच सोडले नाही.

डिकन्सचे खरे दुःख मजुरीचे किंवा उपासमारीचे नव्हते. एवढ्या चुणचुणीत मुलाला इतक्या सहजासहजी टाकून दिले आणि त्याबद्दल कोणाला काही वाटले नाही, हा त्याचा सल होता; आणि तो उघड करणे म्हणजे आईबापांची व स्वतःची अब्रू वेशीवर टांगणे होते. प्रसिद्धी मिळाल्यानंतरही पुष्कळ वर्षे तो हंगरफर्ड घाटाकडे फिरकला नाही. १८४७ साली फॉर्स्टरने सहज बोलता बोलता सांगितले, की डिल्क नावाच्या एका वृद्ध गृहस्थांनी तुला लहानपणी स्ट्रँडजवळच्या एका वखारीत पाहिले होते, अर्धा क्राउन तुझ्या हातावर ठेवला होता आणि तू लवून नमस्कार केला होतास. डिकन्स काही मिनिटे काहीच बोलला नाही. काही आठवड्यांनी त्याने सारी हकीकत सांगितली आणि पुढे ती लिहूनही दिली. परंतु स्वतःचे चरित्र म्हणून ती जगापुढे मांडणे त्याच्याने झाले नाही. जे सांगवत नाही आणि दडपूनही ठेववत नाही ते दुसऱ्यांच्या नावावर चढविण्याचा मार्ग त्याने पत्करला.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी १८४९-५० मध्ये खंडशः निघाली आणि तीत वखारीची हकीकत जवळजवळ आत्मचरित्रातल्याच शब्दांत उतरली आहे. पण फेरफार पाहण्याजोगे आहेत. डेव्हिडला आईबाप नाहीत; त्याला कामाला लावतो तो निर्दय सावत्र बाप. जॉन डिकन्स कादंबरीत येतात ते मिकॉबर हे नाव घेऊन, आणि डेव्हिडचे ते कोणीही नाहीत, केवळ घरमालक आहेत. वर्षाचे उत्पन्न २० पौंड असता १९ पौंड, १९ शिलिंग व ६ पेन्स खर्च करणारा सुखी, आणि मर्यादा थोडीशी ओलांडणारा दुःखी, हा जो उपदेश वडिलांनी मार्शल्सीत केला होता तो मिकॉबरच्या मुखी घातला आहे; पितळी पाटी व न आलेल्या विद्यार्थिनी मिकॉबरबाईंच्या वाट्याला दिल्या आहेत. बापाच्या अंगचे सारे वेड आणि सारा गोडवा ठेवून त्याच्यावरची जबाबदारी मात्र लेखकाने अलगद काढून घेतली, म्हणूनच वाचक मिकॉबरवर निःशंकपणे प्रेम करू शकतो. शिवाय डेव्हिड वखारीतून पळून पायी डोव्हरला वडिलांच्या आत्याकडे जातो. चार्ल्सला जे धाडस करता आले नाही ते त्याने आपल्या नायकाकडून करवून घेतले.

१८५१ च्या मार्चमध्ये जॉन डिकन्स वारले. त्यानंतर लिहिलेल्या ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत बाप पुन्हा मार्शल्सीत आला, आणि या खेपेस त्याच्याशी रक्ताचे नाते राखले आहे. विल्यम डॉरिट वीस वर्षांहून अधिक काळ तेथे राहून तुरुंगाचा कुलपुरुष बनला आहे, नव्या कैद्यांना आश्रयदात्याच्या थाटात भेटतो आणि कोणी हातावर नाणे ठेवले तर ते नजराण्यासारखे स्वीकारतो. त्याच्या मुली बाहेर मजुरी करून त्याला पोसतात, आणि आपल्याला त्याची वार्ता नाही असा बहाणा तो करतो. घरातील सर्वांनी तो बहाणा सांभाळावयाचा असा शिरस्ताच पडून गेला आहे. लेकराच्या कमाईवर जगणारा आणि त्याविषयी मौन धरणारा बाप मिकॉबरमध्ये दिसला नव्हता, तो येथे दिसतो. तरीही लेखकाने त्याचा तिरस्कार केलेला नाही; धाकट्या मुलीच्या असीम ममतेच्या उजेडात ठेवूनच त्याचा न्याय केला आहे. आईला एवढी सवलत कधीच मिळाली नाही. ‘निकोलस निकल्बी’तील बडबडी, अविचारी आई तिच्यावरून घेतलेली आहे, आणि तिच्याविषयी लेखकाच्या मनात असलेले अंतर तेथे उपहासाच्या रूपाने व्यक्त झाले आहे.

सर्वांत विलक्षण फेरफार मात्र बॉब फॅगिनचा. ज्या मुलाने शेक देऊन सेवा केली त्याचे नाव डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये पोरांना चोरी शिकविणाऱ्या दुष्ट म्हाताऱ्याला दिले. हा कृतघ्नपणा वाटेल. पण बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे मर्म कळते. वखारीत इतर मुले त्याला थट्टेने ‘छोटे साहेब’ म्हणत, आणि तेवढेच काय ते त्याचे जुन्या जगाशी उरलेले नाते होते. बॉबची माया स्वीकारणे म्हणजे आपण याच मुलांपैकी एक आहोत हे कबूल करणे होते. ऑलिव्हरला खाऊपिऊ घालून, हसत खेळत आपल्यांत ओढून घेणारा फॅगिन भयंकर वाटतो तो याच कारणाने, की त्याच्या घरात त्या उपाशी मुलाला प्रथमच थोडी ऊब मिळते.

हे ऋण फेडण्यास डिकन्सला आणखी वीसएक वर्षे लागली. १८६०-६१ मध्ये ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ लिहिण्यापूर्वी त्याने ‘कॉपरफील्ड’ मुद्दाम पुन्हा वाचली, नकळत पुनरावृत्ती होऊ नये म्हणून. स्थळे चॅटमच्या आसपासचीच, कैद्यांची तीच जहाजे. पण या खेपेस आरोपीच्या पिंजऱ्यात बाप नाही, आई नाही, खुद्द नायक आहे. लोहाराच्या भट्टीवर वाढलेला पिप पैसा मिळताच गृहस्थ बनतो आणि ज्याने त्याला मायेने वाढविले त्या जो लोहाराची त्याला लाज वाटू लागते. जो त्याला भेटावयास लंडनला येतो आणि शहरात काय पाहिले असे विचारता मोठ्या भोळेपणाने सांगतो, की पॉलिशची वखार पाहून आलो. त्या वेळच्या वाचकांना हा नुसता विनोद वाटला असेल. लेखकाला तो कशामुळे सुचला हे आज आपल्याला ठाऊक आहे. अनोळखी घराचे दार ठोठावून मित्राला चकविणाऱ्या मुलाने स्वतःविरुद्ध दिलेली ही जबानी होय.

अर्थात सारे काही त्या काही महिन्यांच्या पदरी बांधणे अन्यायाचे होईल. पंधराव्या वर्षी वकिलाच्या कचेरीत कारकुनी, त्यानंतर लघुलिपी शिकून न्यायालयांत व पार्लमेंटात बातमीदारी, या उमेदवारीने त्याला दफ्तरी भाषेचा आणि दिरंगाईचा जो परिचय झाला त्यातून ‘ब्लीक हाउस’मधील पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणारा दावा आला, तर ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या मुळाशी १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याची चीड आहे. परंतु दावा कितीही गुंतागुंतीचा असो, डिकन्सची दृष्टी त्या कज्जाखाली चिरडल्या जाणाऱ्या मुलाकडे वळल्यावाचून राहत नाही. कर्जासाठी माणसाला कोंडून ठेवण्याची प्रथा इंग्लंडात १८६९ च्या कायद्याने बहुतांशी बंद झाली. आपल्याकडे, पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना सावकाराच्या हुकूमनाम्यापोटी होणाऱ्या कैदेपासून १८७९ च्या कायद्याने संरक्षण दिले. त्यामुळे मार्शल्सीची गोष्ट मराठी वाचकाला तितकीशी परकी वाटू नये.

लेखकाच्या चरित्राचा उपयोग वाचक बहुधा मिकॉबर म्हणजे कोण, फॅगिन म्हणजे कोण, अशी ओळखपरेड करण्यासाठी करतात. तीत मौज आहे, पण तेवढ्यावर थांबले तर हाती फारसे लागत नाही. ज्यांना डिकन्सच्या लेखनाची घडण पाहावयाची असेल त्यांनी ‘कॉपरफील्ड’मधील वखारीचे प्रकरण, ‘लिटल डॉरिट’चा पूर्वार्ध आणि मग ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ अशा क्रमाने वाचावे, आणि घडलेल्या गोष्टीपासून लेखक कोठे व का ढळला हे प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावे. पहिल्या पुस्तकात बापाला वाचविण्यासाठी, दुसऱ्यात त्याला समजून घेण्यासाठी आणि तिसऱ्यात स्वतःची सफाई देणे थांबविण्यासाठी, असे उत्तर मिळेल. बाराव्या वर्षी झालेला अन्याय सांगता येऊ लागणे ही लेखकाची सुरुवात होती. त्या अन्यायाच्या कैफियतीत आपलाही अपराध नोंदविण्याइतकी निर्भयता येण्यास त्याचे अर्धे आयुष्य खर्ची पडले, आणि त्याचे मोठेपण तेथे आहे.